ज्ञानोबांच्या गाडीतला खोका

सिरसाळ्याच्या ज्ञानोबांनी वीस वर्षं हमाली केली आणि पुढची अठरा वर्षं ट्रक भरून देण्याचा धंदा. कुणाचा माल, कुठल्या गाडीत, कुठल्या गावाला, हे जमवून देणारा माणूस. भरलेल्या गाडीत वीतभर जागा मोकळी दिसली, की त्यांना चैन पडायचं नाही. ती फट भरल्याशिवाय दोरी आवळू द्यायचे नाहीत.

याच सवयीपायी सहा वर्षांपूर्वी त्यांनी ज्वारीच्या पोत्यांमध्ये तणनाशकाचे डबे खुपसले. एक डबा वाटेत पाझरला आणि सगळी ज्वारी परत आली. त्यातलं बरं दिसणारं एक पोतं ज्ञानोबांनी घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, भाकरीला पीठ घेतलं, आधणाचं पाणी ओतलं आणि वाफेबरोबर औषधाचा भपकारा आला. त्यांनी परात उचलून अंगणाच्या कडेला ठेवली.

"अवं, मी कधी फिनेलची बाटली पिठाच्या डब्याशेजारी ठेवती का?" एवढंच त्या म्हणाल्या.

ती परात ज्ञानोबांच्या डोळ्यांपुढून हलेना. आसपासच्या तालुक्यांतल्या गाडीवाल्या एजंटांची संघटना झाली, तेव्हा त्यांनी हट्टच धरला: माल कसा भरायचा याचे नियम हवेत, आणि ते शिकवायला वर्ग हवा. लातूरची एक डाळमिलही असा वर्ग झालेल्यांनाच काम द्यायला तयार होती. मग ज्ञानोबांच्या गोदामात दर मंगळवारी सोळा एजंट पोत्यांवर बसू लागले.

घाटनांदूरचे बबनराव पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीस वर्सं झाली गाड्या भरतोय. आता पाटी-पेन्सिल आनू का?" सगळे हसले. पण आले. खाण्याचा माल आणि औषध एका गाडीत नाही, हा ज्ञानोबांचा पहिला नियम होता, आणि फळ्यावरून तो कधी पुसला जायचा नाही.

आठव्या मंगळवारी परीक्षा. दारात ज्ञानोबांची स्वतःची गाडी उभी होती, सकाळीच तूरडाळ भरलेली. "ही बघा आन् चुका सांगा," ते म्हणाले. सांगण्यासारखं काही सापडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

युसूफ वडगाव या गावच्या मनकर्णाबाई सासऱ्यांचा धंदा चालवत. त्या पदर खोचून वर चढल्या, ताडपत्री उचलली, केबिनमागच्या फटीत हात घातला.

"भाऊ, ह्यो खोका कशाचा?"

ज्ञानोबांना आधी आठवेचना. मग आठवलं. सकाळी दुकानदार परमेश्वर आला होता. 'एकच खोका हाय, जाता जाता टाका,' म्हणाला होता. फट दिसली आणि हात आपोआप गेला. आत तणनाशकाच्या बाटल्या.

"घ्या! मास्तरच नापास!" बबनराव ओरडले.

"गप बसा हो," मागून कुणीतरी म्हणालं. "परीक्षा हाय. मुद्दाम ठिवला आसंल."

"व्हय की," मनकर्णाबाई वरून म्हणाल्या. "मुद्दामच ठिवला ना, भाऊ?"

सोळा जण त्यांच्याकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उलट, काय युक्तीचा मास्तर आहे म्हणून कौतुकच झालं असतं.

ज्ञानोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"न्हाई," ते म्हणाले. "मुद्दाम न्हाई. चुकलं माझं. द्या तो खोका खाली. त्याच्याजवळची पोतीबी उतरवा, वास घिऊन बघू."

पोती उतरली. एकेक उघडून सगळ्यांनी नाक लावलं. डाळ चांगली होती. ज्ञानोबांनी हातातला खडू मनकर्णाबाईंना दिला आणि ते पोत्यांकडे बसायला गेले. बबनरावांनी सरकून त्यांना जागा केली. मग हळूच म्हणाले, "ज्ञानोबा, माझ्या कालच्या गाडीतबी औषधाचे दोन डबे गेलेत. डायवरला फोन लावतो." आणि उठून बाहेर गेले.

संध्याकाळी कौशल्याबाई भाकरी थापत होत्या. "झाले का पास सगळे?"

"एक न्हाई झाला."

"कोण बिचारा?"

"मीच."

कौशल्याबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. तो खचलेला दिसत नव्हता, उलट जरा हलका झालेला दिसत होता. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"मग फुडच्या मंगळवारी वर्गात बसायला जाताना डबा देऊ का बांधून?"