ग्लाफिराने मागितलेली माफी

आमच्या गावची ग्लाफिरा जन्मभर सरकारी गोठ्यात गाईंच्या धारा काढत आली. तोंडाने फटकळ, पण मनाने मऊ. एकदा शेजारच्या कपितोलिनाच्या शेळीने तिचा कोबी फस्त केला. वर कपितोलिनाच म्हणाली, "तुझा कडू कोबी खाऊन माझ्या शेळीचं पोट बिघडलं!" तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं.

ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीच्या रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये एकमेकांपुढे वाकून माफी मागतो. ग्लाफिरा दरवर्षी कपितोलिनाला तेवढं वगळायची. यंदा मात्र ती तिच्यासमोर गेली, जमिनीला हात टेकून वाकली आणि तशीच राहिली.

"ऊठ की! एवढं वाकायला कोणी सांगितलं?" कपितोलिना पुटपुटली.

"कंबर धरली गं बये, उठता येईना!"

पाद्रीबाबांनाही हसू आवरेना. कपितोलिनाने तिला कवेत घेऊन उभं केलं, पण नंतरही सोडलं नाही. "देव माफ करेल, मीही केलं. तूही मला कर," ती म्हणाली.

मग बर्फातून हात धरून तिने ग्लाफिराला आपल्या घरी नेलं, तिची कंबर शेकली आणि उपवासाआधीची शेवटची, लोणी माखलेली धिरडी वाढली.

"मीठ कमी पडलंय," ग्लाफिरा म्हणाली आणि आणखी दोन मागून घेतली.