होकारासाठी थांबलेली दुरुस्ती

माझी थोरली बहीण फरीदाबादला राहते आणि गुरुग्राममधल्या एका कंपनीत नोकरी करते. त्या नोकरीशी संबंध नसलेलं एक काम ती नोकरीपेक्षाही जास्त वर्षं करत आली आहे. संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली आहे. ती कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात, पगाराशिवाय ती सांभाळतात. तिच्यात लहान-मोठी असंख्य पॅकेजेस, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रॅम, असतात आणि प्रत्येकाला एक सांभाळणारा असतो. ताईकडे त्यातलं एक आहे. फोटोची फाइल उघडायची आणि तिचा आकार लहान करायचा, एवढंच त्याचं काम. एखाद्या संकेतस्थळावर कुणी आपला फोटो चढवला की पाठीमागे बऱ्याचदा हेच पॅकेज चालतं.

काही वर्षांपूर्वी, डेंग्यूच्या हंगामात, हे पॅकेज ताईने ठेवावं की सोडावं असा प्रश्न उभा राहिला. तो तिनेच स्वतःला विचारला होता.

आमची आई तिच्याकडेच असायची. ताईचं हे काम आईला पूर्ण कळत नसे, पण त्याची व्यवस्था नेमकी कळली होती. "पगार नाही, बढती नाही, सुट्टी नाही," ती म्हणायची. "संसारच म्हण की."

ऑक्टोबरात आईला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला आणि वय पाहून तिला दाखल करून घेतलं. भावोजी बदलीच्या गावी होते. ताईने रजा घेतली आणि रुग्णालयातच मुक्काम टाकला. मी तेव्हा दिल्लीतल्या एका वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो. गाझियाबादच्या घरून निघून दुपारी रुग्णालयात जायचो आणि तिथून कामावर. रोज सकाळी डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणायचे, "आज और देख लेते हैं, कल छुट्टी कर देंगे." दुसऱ्या दिवशी प्लेटलेट आणखी खाली गेलेल्या असायच्या.

ताईच्या त्या मंडळींत एक रीत आहे. सांभाळणारा काही दिवस नसणार असेल, तर त्याने तसं सगळ्यांना कळवायचं. कळवलं की त्याच्या पॅकेजला इतर कुणीही हात लावू शकतो. न कळवता तो गप्प असला, तर दुसऱ्याने केलेली दुरुस्ती लगेच बाहेर पाठवत नाहीत. ती काही दिवस रांगेत ठेवतात, म्हणजे मूळ माणसाला पाहायला आणि हरकत घ्यायला अवधी मिळतो. याची सक्ती नाही. बाब गंभीर असेल तर सुरक्षेचं काम पाहणारा गट कुणासाठी थांबत नाही. एरवी मात्र ही रीत कसोशीने पाळली जाते.

ताईने कळवलं नाही. उद्या घरी जायचंच आहे, मग कशाला, असं तिला रोज वाटलं. पॅकेजवर सही करण्याची तिची डिजिटल किल्ली घरच्या लॅपटॉपवर होती, आणि त्या कामाची मेल फोनवर घ्यायची नाही हा तिचा स्वतःचा नियम होता.

एका दुपारी भाची कॉलेजातून थेट रुग्णालयात आली. आई उठून बसली होती.

"मामा, आजीला पथ्य सांगितलंय म्हणजे काय? डाएट ना?"

"पथ्य म्हणजे तुझी आई देईल ते गिळायचं आणि छान झालंय म्हणायचं," आई म्हणाली.

"यार आजी, तू तर एकदम फिट आहेस."

"मग सोडवा की मला. तुझ्या आईने इतक्या दिवसांत त्या पेटीला हात लावलेला नाही. तिकडे कुणी हाका मारत असेल तिला."

"कुणी मारत नाहीये," ताई म्हणाली. "तू पाणी पी."

प्रत्यक्षात हाका चालू होत्या. आईला घरी आणलं त्या दिवशी मी सोबत होतो. आई झोपल्यावर ताईने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मी मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर तिच्या पॅकेजविषयी त्या मंडळींत झालेली चर्चा होती; ती कुणालाही वाचता येण्यासारखी होती आणि घडलेल्याचा क्रम स्पष्ट होता.

आई दाखल झाल्यानंतर लगेचच त्या पॅकेजमध्ये सुरक्षेची एक त्रुटी सापडली होती. विशिष्ट तऱ्हेने बनवलेला फोटो चढवला तर प्रोग्रॅम बंद पडतो, एवढंच सुरुवातीला दिसलं. त्यामुळे सुरक्षा गटाने ती मध्यम ठरवली आणि सांभाळणारीवर सोडली. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दुरुस्ती जाहीर केली. मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींनी ती घेऊन त्याच दिवशी आपल्या ग्राहकांना पाठवली. ताईच्या प्रणालीत ब्राझीलमधल्या एका स्वयंसेवकाने ती तयार केली आणि रांगेत ठेवली. त्याने लिहिलं होतं, त्या नेहमी तत्परतेने उत्तर देतात, आपण त्यांची वाट पाहू. खाली दोघांनी अनुमोदन दिलं होतं. एकाने काळजीने विचारलं होतं, त्या बऱ्या आहेत ना?

मग कुणीतरी दाखवून दिलं की तसा फोटो चढवून समोरच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येते. सुरक्षा गट जागा झाला, रांग मोडली, दुरुस्ती बाहेर गेली. त्याच्या आदल्या दिवशी एका लहान गावातल्या वाचनालयाचं, याच प्रणालीवर चालणारं संकेतस्थळ फोडलं गेलं होतं. ओळखपत्रासाठी सभासद तिथे आपले फोटो चढवत. सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबर चोरीला गेले होते. ग्रंथपालाने चर्चेच्या तळाशी दोन वाक्यं लिहिली होती. आम्ही रोज सकाळी अपडेट करत होतो. घ्यायला काही नव्हतं.

त्यात राग नव्हता. ताईने ती वाक्यं वाचली, दुरुस्तीतलं राहिलेलं एक किरकोळ काम पूर्ण केलं, ग्रंथपालाला माफी मागणारं उत्तर लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"आमच्याकडे बातमीदार रजेवर गेला तर बातमी थांबत नाही," मी म्हणालो. "डेस्क लिहितं आणि पान छपाईला सोडतं."

"तुमच्याकडे चुकलं तर उद्या शुद्धिपत्रक छापता."

"तरीही. थांबायला त्यांना सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. माझा मान ठेवला त्यांनी." तिने लॅपटॉप बाजूला सारला. "तुला पगार मिळतो. इथे काय मिळतं? हे पॅकेज तुझं, तुला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही, एवढंच. इतकी वर्षं मी त्याच्यावरच केलं हे सगळं. आणि त्याच्यापायीच ते वाचनालय उघडं राहिलं."

त्या आठवड्यात तिने पॅकेज सोडत असल्याची मेल लिहिली. पाठवली नाही. आई हळूहळू घरात फिरू लागली होती. तिला ताईने सगळं सांगितलं होतं.

"तू सोडलंस तर कोण घेणार?" आईने विचारलं.

"घेईल कुणीतरी."

"आणि नाही घेतलं तर?"

"पडून राहील. वापरणारे वापरतील, बघणारं कुणी नसेल."

"मग हे कसलं सोडणं? आजारी पडले मी आणि राजीनामा तुझा." आईने औषधाची गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. "स्वयंपाकघर आपलंच ठेवावं. पण डबे कुठे आहेत ते घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. मला दाखल केलं तर तुम्हाला हिंग सापडत नव्हता."

"अच्छा, म्हणजे हिंगाचा राग आहे," भाची म्हणाली. आई हसली. ताई हसली नाही.

दोन दिवसांनी ताईने ती मेल खोडून दुसरी लिहिली. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर माझ्या पॅकेजसाठी रांग नको. कुणीही, मला न विचारता, लगेच पाठवावी. तिने आपल्याबरोबर आणखी दोघांना सांभाळणारे म्हणून नोंदवून घेतलं, त्यात तो ब्राझीलचा स्वयंसेवक होता. त्याने आधी नकार दिला. पॅकेज तुमचं आहे, असं त्याने लिहिलं. ताईने त्याला ग्रंथपालाची दोन वाक्यं पाठवली, बाकी काही लिहिलं नाही. तो तयार झाला. ग्रंथपालाकडून मात्र तिच्या माफीला उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या थंडीत आई गेली. हृदयविकाराचा झटका आला, आणि या वेळी रुग्णालयापर्यंत जायलाही वेळ मिळाला नाही. भावोजी आले, पुण्याहून नातेवाईक आले. बाहेर धुरकं इतकं दाट होतं की काहींच्या गाड्या आणि विमानं उशिरा पोहोचली. तेरावा होईपर्यंत ताईने लॅपटॉप उघडला नाही. या वेळीही तिने त्या मंडळींना काही कळवलं नव्हतं.

तेराव्यानंतरच्या सकाळी मी तिच्याकडेच होतो. ती टेबलाशी बसून मेल वाचत होती. मधल्या दिवसांत त्या पॅकेजमध्ये दुसरी एक त्रुटी निघाली होती, पहिलीपेक्षा गंभीर. ब्राझीलच्या माणसाने ती त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवली होती. त्या चर्चेत ताईचा उल्लेख नव्हता. त्या कुठे आहेत, असंही कुणी विचारलं नव्हतं.

"नीट केलंय," ती म्हणाली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय." तिने चर्चा पुन्हा वरून खाली वाचली. "पण कुणाचं काही गेलेलं दिसत नाही."

मग तिने आणखी एक गोष्ट पाहिली. त्या प्रणालीची एक जुनी आवृत्ती अजून कितीतरी लहान संस्थांच्या संगणकांवर चालते. तिच्यासाठी ही दुरुस्ती कुणी केली नव्हती. तिथला कोड वेगळा आहे, नवी दुरुस्ती जशीच्या तशी बसत नाही, आणि ज्यांना तो नीट ठाऊक आहे असे फार लोक उरलेले नाहीत. ताईने केस बांधले आणि चष्मा पुसला. आतल्या खोलीत पुण्याच्या मावशी सामान बांधत होत्या. त्यांनी तिला एकदा हाक मारली. भाचीने जाऊन त्यांना सांगितलं, "आई काम करतेय, थोडं थांबा."

दुपारी मावशींना स्टेशनवर सोडून मी परत आलो तेव्हा तिने केलेल्या दुरुस्तीच्या चाचण्या चालू होत्या. दोन फसल्या, तिने पुन्हा केल्या. उजेड जायच्या आत जुन्या आवृत्तीची दुरुस्ती बाहेर पडली.