एकाच नावाचे कोयते

आश्रुबा वडवणीकडचा मुकादम. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात. आश्रुबाच्या बटणांच्या फोनात प्रत्येक जोडीचा नंबर 'कोयता' याच नावानं होता. कोणता कुणाचा, हे तो वर-खालच्या क्रमावरून ओळखायचा.

त्या साली त्यानं बोटानं सरकवायचा काचेचा फोन घेतला आणि जुना दुकानातच देऊन टाकला. दुकानदार केदारनाथनं नंबर नव्या फोनात घातले. घरी येऊन पाहतो, तर कोयता एकच उरलेला. तो तसाच माघारी फिरला.

"केदारअप्पा, माझी माणसं कुठं गेली?"

"एकच नाव सारखं येत होतं, मुकादम. मला वाटलं दुबार हाय. पुसलं."

"अन् जुना फोन?"

"तो कोरा करून इकला की."

ऊसतोडीची गाडी पहाटे निघणार होती. ज्या कोयत्याला निरोप मिळणार नाही, त्याचा हंगाम बुडणार होता. उरलेला नंबर लावला, तर तो बंद. गावं चहूकडं पांगलेली, आणि दिवस कलत चाललेला. आश्रुबा दुकानाच्या पायरीवर बसला.

तेवढ्यात फोन वाजला. काचेवर नुसते आकडे दिसत होते.

"मुकादम, गाडी कधी हाय?" बाईचा आवाज होता.

"कोण बोलतंय?"

"मी रुक्मिणी."

आश्रुबाला रुक्मिणी आठवेना. "कोणता कोयता?"



"ज्याचं लेकरू मागल्या साली फडात गेलं, तो."

"पहाटे हाय, बाई," आश्रुबा म्हणाला. फोन ठेवून त्यानं तो नंबर 'रुक्मिणी' या नावानं घातला.