रेवाळ्यांचं शिराळं

चिमावहिनीशी माझी ओळख भांडणातून झाली. मी एसटीत कंडक्टर, पाली-रत्नागिरी गाडीवर. ती रोपांच्या दोन टोपल्या घेऊन चढली. मी म्हटलं, "टोपल्यांचं अर्धं तिकीट पडेल." ती म्हणाली, "रोपां अजून पाच वर्षांची झाली नायत." सगळी गाडी हसली आणि माझं डोकं फिरलं. तिकीट मात्र मी फाडलं नाही.

पुढे नोकरीभर मी तिच्या टोपल्या वाहिल्या. त्यांत मिरची असायची, वांगी असायची, पण लोक थांबायचे ते शिराळ्यासाठी. घाटावरचे लोक त्याला दोडका म्हणतात; म्हणोत बापडे. हे बियाणं चिमावहिनीने लग्नात आईकडून आणलेलं. लांब, कोवळं, सालीची चटणी केली तरी बोटं चाटावीत असं. रेवाळ्यांचं शिराळं म्हटलं की पालीच्या बाजारात कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

मग धंदा वाढत गेला. तिचा नवरा रघू मुंबईतली गोदामाची नोकरी सोडून आला आणि काजूची कलमं बांधायला शिकला. तो वारल्यावर मुलाने, ओमकारने, हापूसची कलमं सुरू केली. रस्त्याला 'रेवाळे रोपवाटिका' अशी पाटी लागली. ओमकारची बायको मृणाली हेदवीची. ती आली आणि अंगणावर हिरवी जाळी चढली, रोपांना ट्रे आले, फोनवर मागण्या येऊ लागल्या. मला त्या जाळीचा उगाच राग यायचा. निवृत्त माणसाला रागवायला काहीतरी लागतं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. चिमावहिनीची रीत अशी की मांडवावरचं एखादं चांगलं फळ बियाण्याला राखायचं आणि त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला घरात कुणी हात लावायचा नाही. बाकीची फळं रोजच्या जेवणात जायची. मागणी वाढली तेव्हा एक-दोन फळांचं बी पुरेना. मृणालीने एक अख्खा मांडवच बियाण्याला राखला, सासूला विचारून राखला, आणि चिंधी फळांऐवजी मांडवाच्या खांबाला बांधली. झालं! त्या मांडवाचं एकही शिराळं कुणी खाल्लं नाही. शिराळ्यात एखादा वेल कडू निपजतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, पण तो कळतो ताटात. इथे मांडवाचं काही ताटातच आलं नाही. कडू वेल सुखाने वाढला, त्याचं बी बाकीच्यांत मिसळलं आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं होऊन घरोघर गेलं.

गणपती आठवड्यावर आले असताना खालच्या वाडीची गंगा अर्धं शिराळं हातात घेऊन आली. रागावलीही नव्हती, ते जास्त वाईट. "चिमाकाकी, जरा चाखून बघ," एवढंच म्हणाली. चिमावहिनीने तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. मृणाली पांढरी पडली.

"आता ऋषीच्या भाजीत ह्यां पडलां तर?" चिमावहिनी म्हणाली. ऋषीपंचमीच्या भाजीत घरोघर शिराळं असतंच. एक कडू तुकडा अख्खं पातेलं वाया घालवतो, आणि चुकून पोटात गेला तर माणूस ओकून हैराण होतो. घरातलं उरलेलं बियाणं तिने तिथल्या तिथे चुलीत टाकलं. माझ्यादेखत टाकलं. आईकडून आलेलं होतं नव्हतं ते तेवढंच, आणि ते जळत असताना ती भिंतीकडे बघत उभी होती.

रोपं कुणाकुणाकडे गेली ते लिहून कोण ठेवतं? पण कोण कुठल्या थांब्यावर उतरायचं ते मला तोंडपाठ, आणि फोनवरची माणसं मृणालीला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ओमकारच्या टेम्पोतून आम्ही निघालो. प्रत्येक घरी चिमावहिनी परसात जायची, प्रत्येक वेलाचं एक कोवळं फळ मोडायची, चावायची. कडू लागलं की वेल स्वतःच्या हाताने उपटायची. कुणी म्हणालं, "असूंदे गो, आम्ही टाकून देव." ती ऐकायची नाही. कारण विचारलं की म्हणायची, "माझी चूक झाली." मृणालीचं नाव तिने एकाही परसात घेतलं नाही. पोरगी मागे उभी राहून उपटलेले वेल गोळा करत होती आणि डोळे पुसत होती.

किनाऱ्याला पूर्णगडात नसीमाकडे पोचलो तेव्हा चिमावहिनीचा चेहरा कडवटपणाने वाकडा झाला होता. नसीमा माझी जुनी प्रवासी, पालीहून येऊन रत्नागिरीला गाडी बदलणारी. तिचा नवरा आखातात, परसात मात्र हिरवागार मांडव. चिमावहिनीने पहिलं फळ चावलं आणि तशीच थांबली. दुसरं चावलं. मग खाली बसली.

"दादू, मला काय कळतच नाय," ती मला म्हणाली. "जीभ मेली माझी."

नसीमानेच मांडवाच्या पलीकडच्या टोकाला बोट दाखवलं. "ह्ये तुमच्या यंदाच्या रोपांचे. तो तिकडला वेल माझ्या घरच्या बियाचा. तीन वर्सांमागं तुमच्याकडनं रोप नेलं, तेचा बी धरून ठेवलाय. दर साली खातो आम्ही."

जुनं बियाणं! वेल त्याच मांडवावर, पण बी आधीचं, कडू यायच्या आधीचं. चिमावहिनी उठायला गेली आणि पुन्हा बसली. चाखणार कोण? मी पुढे झालो, तर तिने मला हातानेच अडवलं.

"मृणाली," ती म्हणाली, "तू चाख."

मृणालीने मान हलवली. "आई, नको. माझ्यामुळेच झालंय सगळं. दादूकाकांना चाखू दे."

"दादूला मीठ-साखरेतला फरक कळत नाय. तू चाख म्हटलं ना!"

मृणालीने नसीमाच्या वेलाचं फळ मोडलं. अगदी लहान घास घेतला, चावला, पुन्हा एक घेतला. तो घशाखाली उतरू दिला.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि लगेच सासूकडे बघून, "आई, तुम्ही उद्या जीभ ताळ्यावर आली की एकदा बघा. मग ठरवा."

"उद्या कशाला?" चिमावहिनीने नसीमाकडे तोंड वळवलं. "नसीमा, ह्या वेलाची दोन फळां सुकू दे. बियाणं न्यायला माझी सून येल."