दोन सायकली मावणारी गाडी

जुनी गाडी बघायला लोक ओळखीचा मेकॅनिक घेऊन जातात. मी सायकल घेऊन जात होतो. मुलीची रेसची सायकल. मी स्कूटर चालवायचो, ती मागे बसायची, फ्रेम खांद्यात अडकवून आणि सोडवलेलं चाक मांडीवर घेऊन. छाणीपासून प्रतापनगरपर्यंत आमची ही वरात निघाली की सिग्नलला माणसं मान वळवून बघत.

प्रतापनगरच्या रस्त्यावर एका दलालाचं मैदान होतं. नव्या कंपन्यांच्या नव्या गाड्या बाजारात आल्यापासून बडोद्यातल्या जुन्या गाड्या तिथे धूळ खात उभ्या असत. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “शेठ, लोक मिस्त्रीने लईने आवे. तमे सायकलने लईने आव्या. गाडी लेवी छे के सायकल वेचवी छे?”

मी म्हटलं, “सायकल विकायची नाही. इंजिन मला कळतं. ही आत जाते का तेवढं बघायचंय.”

इंजिन मला कळायचंच. धुळ्याहून आलो तेव्हा कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराच्या हाताखाली फिटर होतो. मग छाणीला एक शेड भाड्याने घेतली, एक जुनं लेथ मशीन टाकलं, आणि त्यावर घर उभं केलं. कोणी हात दिला नाही. हे मी उगाच सांगत नाही. ज्याला कोणी काही दिलेलं नसतं, तो सांगितलेल्या भावात वस्तू घेऊच शकत नाही, हे पुढचं कळायला ते माहीत असावं.

मुलगी शाळेत असताना शेडवर माझा डबा घेऊन यायची. सायकलवरून. भाजी गरम असायची यावरून माझ्या लक्षात आलं की पोरीच्या पायात काहीतरी आहे. मग कुठून कुठून सुटे भाग जमवले, जे मिळाले नाहीत ते लेथवर स्वतः कातले, आणि तिला रेसची सायकल उभी करून दिली. ती जिल्ह्यात जिंकली. राज्याच्या निवड चाचणीला बोलावणं आलं तेव्हा सायकल बसच्या टपावर टाकून नेली. वर कोणाची तरी पत्र्याची ट्रंक होती. उतरवून घेतली तर पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला. तिने सगळी चाचणी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. आणंदच्या पुढच्या रस्त्यावर, नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या दिवशी सकाळी. तिच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. तेव्हा मी ठरवलं की सायकल आता टपावर चढणार नाही. गाडी घ्यायची. तीही डिझेलची आणि कमी पिणारी, कारण स्पर्धा कुठे कुठे असतात आणि पंपावर कोणी ओळख दाखवत नाही.

गाड्या पुष्कळ बघितल्या. डबा-व्हॅनमध्ये सायकल जायची, पण पेट्रोल प्यायची. जीपमध्ये माणसं किंवा सायकल, दोन्ही नाही. बाकीच्या गाड्यांच्या डिकीत फ्रेम अर्धी बाहेर. शेवटी दलाल म्हणाला, एक गाडी आहे, मैदानात नाही, मालकाच्या घरी आहे. लांब पाठीची, मागची सीट पडते.

मालक निवृत्त गृहस्थ होते, जुन्या बडोदेकर मराठी घराण्यातले. घरात संस्थानच्या काळातल्या पगडीवाल्यांचे फोटो. डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, दिवाळीनंतर पुण्याला मुलीकडे कायमचे जाणार होते. मला बसा म्हणाले, पाणी आलं.

“आपण मूळचे कुठले?”

“धुळ्याकडचा.”

“अच्छा. म्हणजे रिफायनरीतले.”

“रिफायनरीतला नाही. माझं वर्कशॉप आहे छाणीला.”

“तेच ते,” ते म्हणाले.

हे ‘तेच ते’ मी पंधरा वर्षं ऐकत होतो. गणपतीच्या वर्गणीला आम्ही मराठी, आणि पंगतीला आम्ही बाहेरचे. माझी मुलगी घरात सुद्धा निम्मं गुजराती बोलते, त्याचंही या लोकांना हसू येई. पाण्याचा पेला मी न पिता खाली ठेवला आणि गाडीकडे गेलो.

गाडी बघितली आणि मला घाम फुटला, इतकी ती चांगली होती. मागची सीट पाडली की गादी घालावी अशी सपाट जागा. मुलीने सायकल आत सरकवली. दार लागेना. मी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, पेडल खालच्या बाजूला घेतलं, तेव्हा दार बसलं. शेजारी आणखी एक सायकल सहज राहिली असती. दलाल बघत होता.

मुलीला मी येतानाच बजावलं होतं. आवडलं तर पायाकडे बघायचं. मालासमोर चेहरा खुलला की भाव वाढतो. पोरगी गुणी, पायाकडे बघत उभी राहिली.

मग मी माझं काम सुरू केलं. टाकी छाणीच्या पंपावर गळ्यापर्यंत भरली, वासदपर्यंत जाऊन आलो, परत गळ्यापर्यंत भरली. मालक मागे बसले होते, दलाल माझ्या शेजारी. डिझेल इतकं कमी गेलं की पंपावरच्या माणसाने नळी पुन्हा हलवून बघितली. मी तोंड वाकडं करून म्हटलं, “ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पुन्हा गेलो. गाडी चालू करायला लावली आणि धुराड्यापुढे पांढरा रुमाल धरला. थंड डिझेल इंजिन पहिल्या झटक्याला काळं ओकणारच. ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

“हे बघा काजळ,” रुमाल त्यांच्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांपुढे धरून मी म्हटलं. “इंजिन संपलंय. वर्षभरात उघडावं लागेल.”

“अहो, मी ती मुलासारखी सांभाळली आहे.”

“मुलं बिघडतातच की, साहेब.”

दलाल हसला. ते हसले नाहीत. त्यांनी खिशात हात घातले आणि बागेतल्या कुंडीकडे बघत राहिले.

माझं खरं हत्यार मात्र दुसरंच होतं. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात बडोद्यात कोणी नवं फडकं विकत घेत नाही, गाडी तर लांबच. गुजरात्यांचे सराद, आमचे श्राद्धाचे दिवस. दलालाचं मैदान ओस पडलेलं असतं. म्हणून तर मी हेच दिवस धरून आलो होतो. मी मालकांना म्हटलं, “या दिवसांत गाडी कोण घेतं, साहेब? माझ्याशिवाय तुमच्या दारात कोणी आलंय का?” दलालानेही री ओढली, “सराद चाले छे. हमणां कोण ले?”

त्यांनी माझा भाव मान्य केला. मान्य करताना ते माझ्याकडे न बघता माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, “घे बाळ. सांभाळून वापरा.” मी बानं, म्हणजे इसाराची रक्कम, दिलं आणि हात मिळवला.

घरी सांगितलं तर बायको ओट्यापासून हलली नाही. “बानं दिलंत ना? झालं तर. पण घटस्थापनेच्या आधी गाडी दारात आणायची नाही.”

“अगं, मी भाव पाडला तोच या दिवसांच्या जिवावर.”

“भाव पाडा. गाडी आणू नका. त्या गाडीत पोरगी बसणार आहे.”

आणि खरं सांगायचं तर मलाही ती गाडी अमावास्येआधी हातात नको होती. धुळ्याला माझ्या बापाने पितृपक्षात बैल आणला नसता. मी मालकांना निरोप पाठवला की घटस्थापनेला सकाळी येतो, तोवर राहू द्या.

त्या सकाळी नारळ, कुंकू आणि झेंडूचा हार घेऊन आम्ही तिघं रिक्षाने गेलो. पोर्चमध्ये गाडी नव्हती. फरशीवर तेलाचा जुना डाग होता.

मालक दारात आले. “बानं दलालाकडे दिलं आहे. घेऊन जा.”

“म्हणजे?”

“गाडी गेली. अमावास्येला.”

“अमावास्येला गाडी कोण नेतो?”

“तुम्ही म्हणाला होता, या दिवसांत कोणी घेत नाही. घेणारा भेटला. ख्रिस्ती मास्तर आहेत फतेहगंजचे. त्यांना पितृपक्ष नाही. त्यांनी घासाघीस केली नाही आणि रुमालही काढला नाही.”

“मी बानं दिलं होतं. हात मिळवला होता.”

“हो,” ते म्हणाले. “मिळवला होता खरा.” आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळू. ते मला जास्त लागलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी भांडण्यात घालवले. दलालाच्या मैदानात जाऊन बसलो. तो म्हणे, शेठ, बानं घ्या आणि मला मोकळं करा. मी ते हातात घेत नव्हतो. घेतलं म्हणजे सौदा मोडला हे मी कबूल केलं असं झालं असतं. दोनदा मालकांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो, ओरडलो, शेजारचे गॅलरीत आले. बायको म्हणाली, “त्यांच्याशी नंतर भांडा. आधी पोरीच्या सायकलचं बघा.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका टेम्पोवाल्याला पक्कं केलं. तो पहाटे आलाच नाही. रात्री गरबा खेळून कुठे तरी झोपला होता.

अंधारात आम्ही आमच्या फाटकाशी उभे होतो. सायकल भिंतीला टेकलेली. पहिल्या बसचा कंडक्टर टपावर सायकल घेत नाही, आणि घेतली तरी टप आम्ही बघितलेला होता. मुलीने हेल्मेट घातलं.

“मी निघते, पप्पा.”

“एवढं अंतर चालवून मग रेस?”

“मग काय करू?”

मी पंप आणि पाने पिशवीत टाकून स्कूटरवर तिच्या मागे निघालो. ट्रक आम्हाला घासून जात होते. महीच्या पुलावर वारा समोरून होता, तिथे ती पहिल्यांदा सीटवरून उठून पेडल मारू लागली. मी मागून दिवा धरल्यासारखा चाललो होतो, दुसरं काही करता येत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्या मुली गाड्यांतून उतरून पाय झटकत होत्या, केळी खात होत्या. तिला पाणी प्यायला वेळ मिळाला, तेवढाच.

चौघींना घेणार होते. ती पाचवी आली.

ती सायकलवरून उतरली. चहाच्या टपरीशी मी तिला बाकावर बसवलं, आणि वर बघितलं तर समोर गाडी उभी. नंबर मला पाठ होता. मागचं दार उघडं होतं. आत गोधडीवर एक सायकल आडवी, पेडल खाली, हँडल डावीकडे वळवलेलं.

शेजारी मास्तर होते. साधा माणूस, पायात चपला. त्यांची मुलगी निवडली गेली होती आणि तरी ते मोठ्याने हसत नव्हते, आमच्याकडे बघून. जवळ येऊन, आम्ही कुठून आलो ते विचारून म्हणाले, “तमे छाणीथी सायकल पर आव्या? मूकी दो अंदर, रस्तामां ज छे. दलाल कहेतो’तो के बे सायकल आरामथी आवी जाय. कोईके मापीने जोयुं छे.”

कोणी मापून बघितलंय ते मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, “नको. आम्ही जाऊ.”

“पप्पा,” मुलगी म्हणाली, “माझ्याने आता चालवणार नाही.”

ती उठली. पुढचं चाक सोडवलं, पेडल खाली घेतलं, हँडल कोणी न सांगता डावीकडे वळवलं आणि सायकल दुसरीच्या शेजारी ठेवली. दार एका हाताने लावलं. पुढच्या सीटवर मास्तरांच्या मुलीला चिकटून बसली. माझ्याकडे बघितलं नाही. पायाकडे बघत होती.

तिने नंतर रेस केली नाही. सायकल शेडमध्ये लेथच्या वर खिळ्याला टांगली, चेनला मी कित्येक वर्षं तेल घालत होतो. मालक पुण्याला गेले, तिथेच वारले असं ऐकलं. मी कोणाचं वाईट चिंतत नाही, पण हात मिळवून माल दुसऱ्याला देणारा माणूस कुठल्याही घराण्यातला असो, मी त्याला माणूस म्हणत नाही. बायको म्हणते, “तुम्ही गाडीला इतकी नावं ठेवलीत, त्यांना वाटलं तुम्हाला ती नकोच आहे.” हे ती अजूनही म्हणते, आणि मी अजूनही बान्याचं सांगतो.

त्या दिवशी परत येताना मी स्कूटरवर त्यांच्या मागे होतो. मास्तर सावकाश चालवत होते, बहुधा माझ्यासाठी. मागच्या काचेतून दोन चाकं दिसत होती, एक आमचं. पुलाच्या चढावर त्यांनी गिअर बदलला, इंजिनवर जोर आला, आणि मी सवयीने धुराड्याकडे बघितलं. दोन पोरी, दोन सायकली, चढ. धूर अजिबात नव्हता.