मोजे खाली!

रविवारी सकाळी करुणाच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं विचारणार, "नंदाताई, येताय ना फिरायला? करुणा थर्मास भरून बसलीय." पण तो म्हणाला, "ताई, तुम्ही या… करुणा उठतच नाहीये." मी पोचले तोवर अँब्युलन्सवाले आपलं सामान आवरत होते. झोपेतच हृदय थांबलं, असं पुढे कळलं. तिच्या जुन्या आजाराचा याच्याशी काही संबंध असेल का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. "तसं खात्रीनं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य एवढ्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की मला त्यांचा रागही आला नाही.

मला चालण्याचा मनस्वी कंटाळा. करुणा मात्र नागपूरच्या उन्हात वाढलेली, त्यामुळे इथल्या रानांचं तिला भारी अप्रूप. ब्रिस्टलमधल्या आम्हा चार-पाच मराठी घरांना तिनेच बूट घ्यायला लावले आणि दर रविवारी चिखलातून हिंडवलं. अशाच एका उन्हाळ्यात, कमरेएवढ्या नेच्यांतून चालून आल्यावर संध्याकाळी तिचा हसत हसत फोन… "अगं, मला गोचीड लागली! आजोळच्या म्हशीला लागायची तश्शी. इंग्लंडला येऊन हे कमावलं बघ!" गुडघ्यामागची ती गोचीड तिने नखाने उपटून टाकली आणि खोबरेल तेलात हळद कालवून लावली. आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं. काही दिवसांनी तिथे डाग पसरायला लागला. सावळ्या कातडीवर, त्यात हळदीने पिवळाजर्द झालेला. हळद कुठे संपते आणि दुखणं कुठे सुरू होतं हे कुणाला कळणार! हळदीचाच डाग म्हणून तिने तो घासून धुतला आणि वर पुन्हा हळद लावली. मग एका सकाळी चहा पिताना तो ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. अर्धा चेहरा खाली आला होता. ए अँड ईमधल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने विचारलं, "टिक, गोचीड वगैरे चावली होती का?" गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराचा लाइम हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

अँटिबायोटिक्सने चेहरा सरळ झाला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण मग थकवा आला, आणि तो गेलाच नाही. सांधे सुजायचे, बोलता बोलता शब्द हरवायचे. शाळेत गणित शिकवणारी ही बाई एकदा फळ्यासमोर उभी राहिली आणि पुढची पायरीच तिला आठवेना. त्या वर्षी तिने नोकरी सोडली. तज्ज्ञ डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "जंतू गेलेत असं आम्ही धरतो. तुम्हाला त्रास होतोय हेही खरं. पण माझ्याकडे याहून जास्त काही नाही." मी विमानांच्या कारखान्यात जन्मभर बिघाड शोधले. सापडला की दुरुस्त करायचा, एवढंच मला येतं. हिचा सापडतच नव्हता. बाकीच्यांकडे मात्र उपाय भरपूर. व्हिटॅमिन डी घे, योगा कर, घराबाहेर पड, मन रमव! करुणा सगळ्यांचं ऐकून घ्यायची. एकदा फक्त माझा हात धरून म्हणाली, "नंदा, मी आळशी नाहीये गं. तुला तरी पटतं ना?" मी म्हटलं, पटतं. याखेरीज तिला द्यायला माझ्याकडे काय होतं?

चालणं सुटलं तरी रविवार तिने सोडला नाही. मिलिंद तिला कार पार्कपर्यंत आणायचा. आम्ही रानात जायचो आणि ती पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसायची. परतलो की चहाआधी हुकूम सुटायचा, "मोजे खाली!" एकेकाने तिच्यापुढे उभं राहायचं. टॉर्च घेऊन ती घोटे, पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागचे खळगे बघायची. किल्ल्या पदराला असाव्यात तसा गोचीड उपटायचा चिमटा जॅकेटला लटकवलेला. एकदा तर कुण्या गोऱ्या आजोबांनाही तिने थांबवलं, आणि मग त्यांच्या कुत्र्यालाही. शेवटच्या रविवारी तिचा हात फार थरथरत होता. मी टॉर्च धरला. "नीट धर गं," ती खेकसली, "तुझ्या पायांवर आधीच केवढा चिखल!" तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्रिसरण-पंचशील झालं, माणसं पांगली. काही आठवड्यांनी मिलिंदच म्हणाला, "एकदा तिच्या रानात जाऊन येऊ." गेलो. परत येऊन गाडीपाशी आलो आणि सवयीने सगळ्यांनी मोजे खाली केले… पुढचं दार मिलिंदने उघडलं. सीटवर घडी घातलेलं ब्लँकेट, त्यावर टॉर्च. तो त्याने उचलला, माझ्यापुढे गुडघे टेकले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "ताई," तो म्हणाला, "चिखलात ती एवढीशी गोचीड… नेमकं काय बघायचं असतं, ते मी तिला कधी विचारलंच नाही."

आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही तसेच उभे राहिलो, मोजे खाली करून.