लढाई संपली त्या दिवशी

जपानने हत्यारे खाली ठेवल्याची वार्ता आली, त्या दिवशी मामलेदार कचेरीच्या आवारात साखर वाटण्यात आली. तालुक्यातील निम्मे अर्ज माझ्याच लेखणीतून उतरत असल्याने, महायुद्धाचा समारोप जमलेल्या मंडळींना विशद करण्याचे कर्तव्य साहजिकच माझ्याकडे आले.

गर्दीच्या कडेला हौसाबाई मुठीत साखर धरून उभी होती. तिचा नवरा पलटणीबरोबर समुद्रापार गेला आणि बेपत्ता झाला. लढाई संपेपर्यंत वाट पाहायची, तोवर तिने कुंकू लावायचे, असे सासूने आणि सासरच्यांनी ठरवले होते. आज ते कुंकू नेहमीपेक्षा ठसठशीत होते.

मंडळी पांगल्यावर ती जवळ आली. "भाऊसाहेब, समदीच संपली का वो?"

"संपूर्ण," मी अधिकारवाणीने म्हणालो.

"एवढा मोठा समिंदर. एखाद्या कोपऱ्यात थोडी ऱ्हायली आसंल की. तुमी शिकलेलं, नीट बघा."

सगळ्या जगाने ज्या क्षणाची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, तो या एका बाईला थोडा लांबवून हवा होता. लढाई चालू असेतो तिचा माणूस लढाईवर होता. आता तो कुठेच नव्हता. शांततेचा असाही अर्थ होतो, हे माझ्या वाचनात कधी आले नव्हते.

मी वर्तमानपत्र उघडून उगाच बोट फिरवले. "आहे, बाई. एका बेटावर अजून चालू आहे."

"मंग आत्याबाईंला तसं सांगायला येता का? तुमच्या शब्दाला मान हाय."

मी वहाणा पायांत सरकवल्या आणि तिच्यामागून चालू लागलो.